बोटीवर भिडू मिळत नाही

सहदेवराव बडेकरांना समुद्र आवडत नव्हता, बोट त्याहून आवडत नव्हती, आणि पोरानं न विचारता ठरवलेली कुठलीही गोष्ट तर मुळीच आवडत नव्हती. तरीही ऋषिकेशनं मोबाईलवर पाठवलेलं क्रूझचं पत्रक त्यांनी एका दिवसात अकरा वेळा उघडलं. मुंबईहून गोव्याकडे आणि मधे कुठेही न थांबता परत, तीन रात्री, चार दिवस. आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलगा ऋषिकेश आणि सून रिया यांच्याकडून भेट. पत्रकाच्या चौथ्या पानावर ‘कोकण किनाऱ्याचं विहंगम दर्शन’ आणि ‘डेकवर योगासनं’ यांच्या मधे एक बारीक ओळ होती: ‘दुपारी तीन वाजता पोकर, नवशिक्यांसाठी. पैसे नाहीत, नुसती मजा.’ ओळीशेजारी पत्त्यांचं चित्र होतं.

पोकर हा काय प्रकार आहे ते सहदेवरावांना ठाऊक नव्हतं. पण चित्रातली पानं ओळखीची होती, आणि त्यांनी चार वर्षांत पत्त्यांना हात लावला नव्हता.

त्याआधी एकतीस वर्षं दहिवलीत मेंढीकोट म्हटलं की सहदेवराव आणि गोमा ही जोडी. ज्यांना मेंढीकोट माहीत नाही त्यांच्यासाठी (असे लोक असतात, आणि पुष्कळदा चांगल्या हुद्द्यावरही असतात) थोडक्यात सांगायचं तर चार माणसं, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. सगळा जीव चार दश्श्यांवर. ज्या जोडीनं दश्श्या जास्त उचलल्या तिचा डाव. खेळताना भिडूला खुणा करायच्या नाहीत असा नियम आहे, पण तो पाळणारी जोडी कर्जत तालुक्यात अजून जन्माला यायची आहे. सहदेवरावांनी चष्मा वर सरकवला की दश्शी हातात आहे. घड्याळ फिरवलं की हातात काही नाही. उजवा कान धरला की माझं पान मोठं आहे, तू हुकमानं कापू नकोस. गोमाची एकच खूण होती. तो टॉवेलानं मान दोनदा पुसायचा. अर्थ, तू सोड, आता माझ्यावर टाक.

चार वर्षांपूर्वी गौरीच्या जागरणाला कडावची एक जोडी आली. शेवटचा डाव, शेवटची दश्शी पटावर, गोमाच्या हातात हुकूम, आणि गोमानं कापलं नाही. दश्शी गेली. कडावकरांनी टाळ्या पिटल्या. सहदेवराव तेव्हा खालापूरच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते आणि त्यांना अडाणीपणाचा तिटकारा होता. तीस माणसांसमोर ते म्हणाले, “गोमा, तू भात लाव. पत्ते हे तुझं काम नाही.”

गोमानं हातातली पानं उलटी करून चटईवर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो गेला.

गोमाचं घर चार घरं सोडून. तो सकाळी सातला दूध घालायला निघतो म्हणून सहदेवराव सव्वासातला बाहेर पडू लागले. त्यांना टाळायचं म्हणून गोमाही सव्वासातला निघू लागला. मग दोघं रोज समोरासमोर यायचे, आणि रोज दोघांच्याही चपलेत एकदमच खडा जायचा. दोघं खाली वाकायचे. असे ते चार वर्षं वाकत होते. सहदेवरावांना गोमाची फार आठवण येई. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती, आणि विचारली असती तर त्यांनी नाकारली असती. गावात दुसरा कोणी भिडू व्हायला तयार नव्हता असं नाही. पण समोर दुसरा बसला की सहदेवरावांना पानं लावायचं सुचत नसे. म्हणून त्यांनी पत्तेच सोडले.

जिथे गोमाचं नाव कोणाला माहीत नाही, जिथे ‘आज जोडीदार कुठं?’ असं कोणी विचारणार नाही, असं एक टेबल समुद्रात असेल तर आपण समुद्रात जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी ठरवलं म्हणजे दहिवलीनंही ठरवलं. शेजारच्या अंबाबाईंनी पहिला सल्ला दिला. “बोटीवर मासळी मिळंल, पन भात कसला मिळंल काय नेम हाय? दोन किलो तांदूळ न्या संगं.” तांदूळ निघाला. कर्जत स्टेशनाबाहेर मोबाईल दुरुस्त करणारा साईनाथ पोकरमधला जाणकार निघाला, कारण त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या मोबाईलांत तो खेळ असे. “काका, पोकर म्हंजे तीन पत्तीचा मोठा भाऊ. हातात काय हाय त्याच्यावर काय नसतं. तोंडावर काय हाय त्याच्यावर सगळं. तोंड दगडासारखं ठेवायचं.” सहदेवरावांनी आरशासमोर आठ दिवस तोंड दगडासारखं ठेवलं. बायकोनं, सोनाबाईंनी, दोनदा विचारलं, पोट साफ होत नाही का.

पण साईनाथनं जाता जाता एक खडा टाकला. “पत्ते म्हंजे जुगार झाला ना काका. तुमी सरकारी पेन्शनवाले. उद्या कोनी फोटो काढला न टाकला, तर पेन्शनला काय होत नाय ना?”

त्या रात्री सहदेवरावांना झोप लागली नाही. चौतीस वर्षं लोकांना ‘कागद आणा’ म्हणून सांगितलेल्या माणसाला कागदाशिवाय कुठे जायचं म्हणजे उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटतं. सकाळच्या एस्टीनं ते खालापूरला गेले, आपल्या जुन्या टेबलासमोर, ज्यामागे आता हर्षला बसत होती. तिला काम त्यांनीच शिकवलं होतं.

“ना-हरकत दाखला हवा,” सहदेवराव म्हणाले. “समुद्रावर पैसे न लावता पत्ते खेळण्यास.”

हर्षलानं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाली, “साहेब, असा नमुना नाही आपल्याकडे.”

“नसेल तर साध्या कागदावर दे.”

“साहेब, तुमीच शिकवलंत. ज्याचा नमुना नाही त्याचा दाखला नाही.”

हे वाक्य खरोखरच त्यांचं होतं. त्यांनी ते हजारो लोकांना ऐकवलं होतं, आणि ते समोरच्या खुर्चीत बसून कसं ऐकू येतं हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. ते घरी आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज घेऊन परत गेले. अर्जाला ओळखपत्राची प्रत नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. प्रत कोणी मागितली नव्हती, पण प्रतीशिवाय अर्ज त्यांच्या मनाला पटेना. शेवटी हर्षलानं तो आवक नोंदवहीत घेतला आणि पोहोच दिली. दाखला नव्हता, नुसती पोहोच होती. पण तिच्यावर शिक्का होता, क्रमांक होता, तारीख होती. सहदेवरावांनी ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि त्यांचा जीव शांत झाला.

बोटीवर चढताना तपासणीच्या यंत्रानं तांदूळ पकडला. “हे काय आहे?” असं एका गणवेशातल्या बाईनं विचारलं. “कोलम,” सोनाबाई म्हणाल्या. तांदूळ जमा झाला आणि त्याबद्दल बिल्ला मिळाला. सहदेवरावांनी त्या बिल्ल्यावर शिक्का का नाही म्हणून वाद घातला, तोवर मागे रांग लागली, आणि एका लहान मुलीनं आपल्या आईला मोठ्यानं विचारलं की आजोबांना बोटीवर घेणार नाहीत का. सहदेवरावांनी दगडासारखं तोंड केलं आणि पुढे सरकले.

सोनाबाईंना समुद्र आवडला. खोलीला गोल खिडकी होती. त्या तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, मांडीवर हात ठेवले, आणि बघत राहिल्या. “कोन काय मागत नाय,” एवढंच त्या म्हणाल्या. सहदेवरावांना समुद्रात बघण्यासारखं काही दिसेना. ध्वनिक्षेपकावरून दर अर्ध्या तासानं कोणीतरी सांगे, डाव्या हाताला दीपस्तंभ, उजव्या हाताला सूर्यास्त. सगळी बोट डावीकडे पळे, मग उजवीकडे. सहदेवराव मधे उभे राहून घड्याळ बघत. दुपारच्या तीनला अजून एकवीस तास होते.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनलाच ते वरच्या मजल्यावर हजर झाले. हिरव्या कापडाचं लांबट गोल टेबल, सहा खुर्च्या, रंगीत चकत्यांच्या चळती. शिकवायला अपेक्षा नावाची एक मुलगी होती. अलिबागकडची, चुणचुणीत, काळा कोट घातलेली. सहदेवरावांनी आधी पोहोच काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं ती पुढून वाचली, मागून वाचली, आणि काय बोलावं हे न सुचल्यामुळे “छान आहे काका,” म्हणाली. सहदेवराव बसले. चार खुर्च्या भरल्या होत्या, त्यांची पाचवी. सहावी रिकामी होती, नेमकी त्यांच्या समोरची.

“काकू, बसा ना तुम्ही,” अपेक्षा म्हणाली. सोनाबाई मागे पर्स धरून उभ्या होत्या.

“मला नाय येत.”

“काकांना तरी कुठे येतंय?”

टेबल हसलं. सहदेवराव हसले नाहीत. सोनाबाई पदर खोचून बसल्या.

अपेक्षानं खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. मधे पाच पानं, एकेक करून उघडायची. सातांतली चांगली पाच आपली. पटलं तर चकत्या लावायच्या, नाही पटलं तर पानं टाकून द्यायची. सहदेवरावांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. “भिडू कोण?”

“भिडू नसतो काका यात. प्रत्येकजण आपापला.”

“आपापला म्हणजे?”

“म्हणजे एकटा. सगळ्यांविरुद्ध.”

एवढ्या लांब, पोराचा एवढा खर्च करून, एवढे कागद करून यायचं, आणि एकटं खेळायचं? एकटं तर ते दहिवलीत फुकटात होते. उठून जावं असं त्यांना वाटलं. पण पानं वाटून झाली होती, आणि चार वर्षांनी हातात पानं आली की माणूस उठत नाही.

पहिल्या डावात त्यांना दोन दश्श्या आल्या. मेंढीकोटात हातात दोन दश्श्या म्हणजे अर्धं राज्य. त्यांनी सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. शेवटी पानं उघडली तेव्हा नाशिकच्या एका अर्ध्या चड्डीतल्या गृहस्थाकडे दोन गुलाम निघाले आणि त्यानं चकत्या ओढून घेतल्या. चकत्यांचं सहदेवरावांना काही वाटलं नाही. पण त्या दोन दश्श्या तशाच पडून राहिल्या. कोणी उचलल्या नाहीत, कोणी मानानं बाजूला ठेवल्या नाहीत. अपेक्षानं त्या बाकीच्या चिल्लर पानांत सरकवून पिसून टाकल्या. हे दृश्य त्यांच्यानं बघवेना.

नवशिक्यांना दुसऱ्यांदा चकत्या मिळत होत्या, त्या त्यांनी घेतल्या. पुढच्या डावात मधल्या पानांत चौकटची दश्शी आली. डाव सहदेवरावांच्या बाजूनं लागला. त्यांनी चकत्या राहू दिल्या, हात लांब करून ती दश्शी उचलली आणि आपल्यासमोर उताणी ठेवली.

“काका, ते पान मधलं आहे. सगळ्यांचं असतं ते.”

“हात आम्ही जिंकला ना?”

“हो.”

“मग दश्शी आमची.”

अपेक्षानं समजावलं, नाशिककरांनी समजावलं, एका तरुण जोडप्यानं इंग्रजीतून समजावलं. सहदेवराव बधेनात. शेवटी सोनाबाई हळूच म्हणाल्या, “द्या त्यांना. त्यांच्यात तसं नाय.” त्यांनी दश्शी परत केली, पण ज्या तऱ्हेनं केली त्यावरून ती जप्त झाल्यासारखं वाटत होतं.

पुढचे दोन-तीन डाव ते मन लावून खेळले. आणि मन लागलं की हात आपोआप चालतात. चांगलं पान आलं की त्यांचा चष्मा वर जाऊ लागला, वाईट आलं की घड्याळ फिरू लागलं. मोठं पान आलं तेव्हा त्यांनी उजवा कान धरला. समोर कोण बसलंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एकतीस वर्षं समोर गोमाच बसत आला होता. मात्र त्यांनी कान धरला की समोरची पानं निमूट खाली पडत, आणि त्यांनी घड्याळ फिरवलं की समोरून चकत्या पुढे येत. आपलं नशीब फिरलं असं त्यांना वाटलं.

मग तो डाव आला. मधे चार पानं उघडलेली, चकत्यांचा ढीग झालेला, नाशिककर जोरात. सहदेवरावांकडे बरी जोडी होती. ते चकत्या पुढे सारणार, तेवढ्यात समोरच्या माणसानं मान दोनदा पुसली.

वातानुकूलित दालन. टेबलावरच्या निम्म्या लोकांनी स्वेटर घातलेले. घाम येण्याचा प्रश्न नव्हता. समोर सोनाबाई बसल्या होत्या आणि पदरानं त्यांनी मान पुसली होती, एकदा, मग पुन्हा एकदा. सहदेवरावांच्या हातातली पानं आपसूक खाली ठेवली गेली. सोनाबाईंनी सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या, आणि पानं उलटली तेव्हा त्यांच्याकडे तीन राण्या निघाल्या.

“एक मिनिट,” नाशिककर म्हणाले. “हे दोघं खुणा करतायत. मी मघापासून बघतोय. हे कान धरतात, या पानं टाकतात.”

अपेक्षानं खेळ थांबवला. ती फार अवघडली. नवराबायकोनं मिळून खेळणं नियमात बसत नाही, असं तिनं अगदी गोड शब्दांत सांगितलं, पण सांगितलं. सहदेवराव उभे राहिले. शासकीय सेवेत चौतीस वर्षं एक शेरा नाही, असं ते म्हणाले. त्यांनी पोहोच पुन्हा काढली. ती टेबलभर फिरली. तरुण जोडप्यानं तिचा फोटो काढला. नाशिककरांनी ती वाचून विचारलं की यात खुणांबद्दल कुठे लिहिलंय, आणि ते लिहिलेलं नव्हतंच. पाच मिनिटांनी बडेकर दांपत्य बाहेर डेकवर होतं.

सहदेवराव कठड्याला धरून उभे राहिले. अपमान झाला होता हे खरं, पण त्यांच्या डोक्यात अपमान नव्हता. ते मान पुसणं होतं. चार वर्षं त्या खुणेसाठी त्यांचा जीव तुटत होता.

“तुला खुणा कोणी शिकवल्या?”

“शिकवायला कशाला पायजे?” सोनाबाई आरामखुर्चीत बसत म्हणाल्या. “एकतीस वर्षं चहा घेऊन दारात उभी राहिले. डाव होईस्तोवर कोन कप उचलत नाय. मग बघायचं काय? तुमचं नाक न कान.”

“मग खेळायचंय असं कधी बोलली का नाहीस?”

“तुमी कधी सरकून बसलात का?”

सोनाबाई समुद्राकडे बघत राहिल्या. मग तशाच बघत म्हणाल्या, “अवं, गौरीच्या जागरणाला गोमादादांची चूक नवती.”

“त्यानं कापलं नाही.”

“तुमी कान धरलात.”

“मी? माझ्याकडे मोठं पान नव्हतंच. मी कशाला कान धरू?”

“डास बसला होता. तुमी कान खाजवलात. गोमादादांनी बगितलं न हुकूम तसाच ठेवला. तुमीच सांगितलंत, कापू नको.”

सहदेवरावांनी उजवा कान चाचपला.

“तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“हातातला ट्रे ठेवून बोलनार, तवर तुमी बोलून मोकळे झालात. नंतर दोनदा सांगायला आले. तुमी म्हनलात, पत्त्यातलं तुला काय कळतं.”

म्हणाले होते. दोन्ही वेळा म्हणाले होते, आणि दुसऱ्या वेळी पेपरातून डोकंही वर काढलं नव्हतं. सहदेवरावांनी खिशातून मोबाईल काढला. गोमाचा नंबर त्यांनी पुसला नव्हता. पण समुद्रात रेंज नव्हती. ते मोबाईल उंच धरून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, जिना चढून वर गेले, आणि तिथून एका खलाशाला विचारलं, “कर्जत कोणत्या बाजूला?” त्यानं अदबीनं उपाहारगृहाची दिशा दाखवली.

उरलेले दोन दिवस बोट किल्ले, खाड्या, सूर्यास्त दाखवत राहिली आणि सहदेवराव परतीचे तास मोजत राहिले. एवढं पाणी त्यांच्या आणि दहिवलीच्या मधे कोणी ओतून ठेवलं असं त्यांना वाटे. संध्याकाळी लोक नाचत, तेव्हा ते कोपऱ्यात बसून जेवणाच्या यादीच्या पाठीमागे मजकूर लिहीत. ‘विषय: गौरीच्या जागरणातील डावाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...’ इथपर्यंत जमे. पुढे काय लिहायचं ते त्यांना येत नव्हतं, कारण चौतीस वर्षांत त्यांनी दिलगिरी व्यक्त करणारं एकही पत्र लिहिलं नव्हतं, फक्त तशी पत्रं स्वीकारली होती. सोनाबाईंनी त्यांना तीन वेळा हाक मारून एक डॉल्फिन दाखवायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ते उठून गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. डॉल्फिन तोवर गेला होता. तरी दोघं थोडा वेळ तिथेच थांबली.

चौथ्या दिवशी दुपारी रिक्षा दहिवलीत शिरली ती सहदेवरावांनी घरी न नेता चार घरं पुढे थांबवली. बॅगा, पिशव्या आणि परत मिळालेला तांदूळ, सगळं घेऊन दोघं गोमाच्या अंगणात उभी राहिली.

ओटीवर चटई होती. गोमा आणि त्याची बायको गौराबाई समोरासमोर बसून दोघांतच पत्ते खेळत होते. गोमा बराच पिकला होता. रोज वाकून खडा काढताना हे सहदेवरावांना दिसलं नव्हतं. गोमानं वर बघितलं आणि पुन्हा पानांत बघितलं.

सहदेवरावांनी मजकुराचा कागद काढला, आणि परत ठेवला.

“गोमा, डास होता,” ते म्हणाले. “मी कान खाजवला. तू बरोबर खेळलास. मी तीस माणसांत तुला बोललो ते चुकलं. मला तुझी फार आठवण येते.”

गोमा पानांकडेच बघत राहिला. मग गौराबाईंना म्हणाला, “त्यांना म्हनावं, डास मला तवाच दिसला व्हता.”

“दिसला होता? मग कापलं का नाहीस?”

“त्यांना म्हनावं, भिडूनं कान धरला का धरला. भिडूचं ऐकू का डासाचं?”

सहदेवराव पायरीवर बसले. गौराबाई उठून पाणी घेऊन आल्या. गोमा पुन्हा त्यांनाच म्हणाला, “भाताचं बोलले ते तेवडं लागलं. भात तर मी लावतोच हाय.” थोड्या वेळानं म्हणाला, “त्यांना म्हनावं, वर बसा. चवघं हाव, मेंढीकोट व्हईल.”

सहदेवराव चार वर्षांच्या सवयीनं नव्हे, त्याआधीच्या एकतीस वर्षांच्या सवयीनं चटईवर चढले आणि गोमाच्या समोर बसायला गेले. तिथे गौराबाई बसत होत्या.

“ती माझी जागा हाय, भावजी,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं मीच बसते हितं. ह्यांना कोन नवतं ना.”

सहदेवरावांनी गोमाकडे बघितलं. गोमा पानं पिसत होता. “भिडू मोडत नाय मी,” तो पानांना म्हणाला.

म्हणजे ते सुख आता परत मिळायचं नव्हतं. गोमा समोर बसून मान पुसणार नव्हता. सहदेवराव गोमाच्या शेजारी सरकले, आणि सोनाबाईंना म्हणाले, “ये. समोर बस.” सोनाबाई आल्या, पदर खोचून बसल्या, आणि आलेली पानं त्यांनी अशी झरझर लावली की गोमाही बघत राहिला.

पहिला हात गौराबाईंचा झाला. दुसरा सोनाबाईंनी कापला. सहदेवराव खेळत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष डाव्या कोपराला लागणाऱ्या गोमाच्या कोपराकडे होतं. समोर बसणारा भिडू कधी एवढ्या जवळ नसतो. एकतीस वर्षांत गोमाचा श्वास त्यांनी ऐकला नव्हता. त्यांच्या हातातली पानं हळूहळू कलली, पार गोमाच्या बाजूला उघडी पडली. आता तो दुसऱ्या बाजूचा होता. नुसतं बघून त्याला डाव मारता आला असता.

गोमानं मान दुसरीकडे फिरवली.

“सहदेवा,” तो म्हणाला, “पानं झाक रं. सगळी दिसतात मला.”

सहदेवरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ‘सहदेवा’ असं त्यानं आणखी एकदा म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.